भाव नसलेल्या गोष्टी: इमारत रिकामी करतानाच्या प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

आज सर्वसाधारण सभेत तारीख ठरली. जानेवारीअखेर इमारत रिकामी करून बिल्डरच्या ताब्यात द्यायची. मुंबईत मुलुंडच्या गव्हाणपाड्यातली आमची इमारत १९८४ ची, चार मजली, लिफ्ट नाही, बिऱ्हाडं बहुतेक मूळचीच. नवी इमारत उभी राहीपर्यंत भाड्याच्या घरात राहायचं आणि तिथे सामान कमीच न्यायचं, असं सगळ्यांच्याच मनात आहे. त्यात सप्टेंबरमध्ये एसी आणि मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि पाठोपाठ दिवाळी. नव्या वस्तूंची खोकी घराघरांत आली. जुन्या वस्तू गॅलरीत, जिन्याखाली आणि गच्चीच्या दाराशी जाऊन पडल्या.

सभेतच एका सभासदाने भंगारवाल्याचा निरोप सांगितला. सगळ्या इमारतीचा माल एकगठ्ठा उचलतो, रोख पैसे देतो, कुणाला हात लावावा लागणार नाही. निम्मी सभा लगेच हो म्हणाली. सेक्रेटरी म्हणून मी मुदत मागून घेतली. मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड २०१८ साली बंद झालं, पण त्याआधी वारा फिरला की तिथला वास आणि धूर आमच्या खिडक्यांतून आत येत असे. आमची मुलं त्या हवेत वाढली. आता आमचे फ्रिज आणि टीव्ही दुसऱ्या कुठल्या वस्तीच्या हवेत जाणार असतील तर निदान ते आधी कळायला हवं, एवढंच मी सभेत म्हटलं. मुदत मिळाली. सोबतीला दोघे आहेत: तिसऱ्या मजल्यावरचे काका, ज्यांची सगळी नोकरी कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये झाली, आणि तळमजल्यावरचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा.

९ नोव्हेंबर, रविवार

घरोघर फिरून यादी केली. वस्तूचं नाव, साधारण वर्ष, चालू की बंद, आणि मागच्या पट्टीवर काय लिहिलंय. ही मागची पट्टी काकांनी आग्रहाने वहीत घ्यायला लावली आणि आता वाटतं की यादीतला तोच सगळ्यात कामाचा रकाना आहे. फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरजवळ किंवा आतल्या भिंतीवर छोटी पट्टी असते. तिच्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅममध्ये वजन छापलेलं असतं.

आमच्याकडे तिन्ही पिढ्या निघाल्या. सगळ्यात जुने आर-१२ वाले. हा सीएफसी, ओझोनचा थर फाडणारा. आपल्याकडे २००३ च्या सुरुवातीपासून नव्या फ्रिजमध्ये तो भरायला बंदी आली आणि २००८ मध्ये त्याचं उत्पादनही थांबलं; पण त्याआधी भरलेला गॅस जिथे होता तिथेच आहे, आमच्या इमारतीत अजून फिरतो आहे. मधल्या काळातले आर-१३४ए वाले. हे ओझोनला हात लावत नाहीत, मात्र हवा तापवतात. आणि अलीकडचे आर-६००ए वाले, म्हणजे आयसोब्युटेन. त्याने तापमानवाढ जवळपास होत नाही, पण तो स्वयंपाकाच्या गॅससारखाच पेट घेतो.

तळमजल्यावरच्या मुलाने रात्री हिशोब मांडला. आर-१२ चा एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या मापाने तो सुमारे १०,९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या फ्रिजच्या पट्टीवर १५० ग्रॅम लिहिलंय. म्हणजे तो फ्रिज एका कोयत्याच्या घावाने उघडला की १,६०० किलोंहून जास्त. एसीत गॅस जास्त असतो. जुन्या आर-२२ चा आकडा १,८१० च्या आसपास आहे, त्यामुळे किलोभर गॅसवाला एक विंडो एसीसुद्धा त्याच घरात जाऊन बसतो. नव्या आर-३२ चा आकडा ६७५.

बाकीची यादी: पिक्चर ट्यूबचे टीव्ही (अपेक्षेपेक्षा खूप जास्त, कुणीही टाकलेले नाहीत), सेमी आणि फुल ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन, गीझर, मायक्रोवेव्ह, मिक्सर, पंखे, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, कॉम्प्युटर, आणि प्रत्येक घरात चार्जर-रिमोट-सेटटॉप बॉक्सने भरलेली एक पिशवी. ट्यूबलाइट आणि सीएफएल माळ्यावर.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ज्या भंगारवाल्याने निरोप पाठवला होता त्याच्याकडे काका आणि मी गेलो. माणूस सरळ आहे, दुकानात बसवून चहा दिला आणि काहीही लपवलं नाही. समोर एक फ्रिज तोडायला घेतलेला होता, तो आम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला.

आधी कॉम्प्रेसरच्या तांब्याच्या नळ्या पक्कडीने कापल्या. दोन सेकंद फुस्स आवाज आला आणि संपला. गॅस गेला. मग कॉम्प्रेसर काढून उलटा केला, तेल जमिनीवर भुशात गळलं. मागची जाळी वेगळी, आतलं ॲल्युमिनियम वेगळं, दाराचं रबर वेगळं, प्लॅस्टिकचे ट्रे वेगळे. शेवटी बाहेरचा पत्रा सोलून काढला तेव्हा आतल्या पिवळट फोमचे ढलपे निघाले. ते एका गोणीत भरून ठेवले. गोणीचं काय करता, असं विचारल्यावर तो म्हणाला, "ताई, ह्याला कोण घेतंय? टाकायलाच पैसे लागतात." रात्री कचऱ्याच्या गाडीत जातं, कधी कुठे खाडीकडेला.

हे काम हुशारीचं आहे, हे मला इथे लिहायलाच हवं. कुठला धातू कुठल्या घाऊकवाल्याकडे जातो, कुठला कॉम्प्रेसर अजून चालू आहे आणि तो दुरुस्तीवाल्याला विकता येईल, कुठली मोटर नुसती घासून पुन्हा लागेल, हे त्याला बघताक्षणी कळतं. कुर्ल्याचा सीएसटी रोड, साकीनाका, धारावीचं तेरा कंपाउंड, सगळीकडे हेच हात काम करतात आणि मुंबईतल्या कितीतरी वस्तू त्यांच्यामुळे पुन्हा वापरात येतात. पण त्याच्या काट्यावर ज्याला वजन आहे तेच वाचतं. तांबं वाचतं, पत्रा वाचतो. गॅस, तेल, फोम, पिक्चर ट्यूबची काच, ट्यूबलाइटमधला पारा, यांना काट्यावर भाव नाही, म्हणून ते हवेत, गटारात किंवा खाडीत जातात. आणि सगळं नुकसान नेमकं त्यांच्यातच आहे. फोमचंच घ्या. जुन्या फ्रिजचा फोम फुगवायला सीएफसी-११ वापरायचे, आणि तो फोमच्या बारीक बुडबुड्यांत अडकून राहतो. कूलिंगच्या नळ्यांत जेवढा सीएफसी असतो त्याहून जास्त या भिंतींत असतो. ती गोणी म्हणजे त्या फ्रिजमधली सगळ्यात वाईट वस्तू होती आणि ती दुकानाबाहेर उघड्यावर ठेवली होती.

परत येताना काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपण उलटं करू. ज्याला भाव नाही त्याची सोय आधी लावू, धातूचं आपोआप होईल." आजपासून प्रकल्पाचा नियम हाच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नियम वाचले. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२. अंमल १ एप्रिल २०२३ पासून. आधीच्या नियमांत मोजक्या २१ वस्तू होत्या, यात १०६ आहेत, त्यामुळे मिक्सरपासून एसीपर्यंत जवळजवळ सगळं घर त्यात येतं. मुख्य भार उत्पादकावर. त्याने बाजारात जितका माल आणला त्याच्या ठरावीक टक्के वजनाचा माल नोंदणीकृत रिसायकलरकडून रिसायकल झाल्याची प्रमाणपत्रं विकत घ्यायची. पहिल्या दोन वर्षांसाठी ६० टक्के, २०२५-२६ आणि २०२६-२७ साठी ७०, त्यानंतर ८०. रिसायकलरची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर, आणि ती यादी कुणालाही बघता येते. सरकारने प्रमाणपत्रांना किमान दरही बांधून दिलाय, घरगुती इलेक्ट्रॉनिक्ससाठी किलोला २२ रुपये.

वाचताना एका जागी थांबले. प्रमाणपत्र कशावर मिळतं? शेवटी हाती आलेल्या सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या वजनावर. म्हणजे कायद्याच्या काट्यावरही पुन्हा धातूच. गॅससाठी २०२३ च्या दुरुस्तीत मार्गदर्शक सूचना काढण्याची तरतूद घातली गेली, हे चांगलं झालं, पण रिसायकलरला पैसे मिळतात ते धातूचे. त्यामुळे 'नोंदणीकृत आहे' एवढ्यावर समाधान मानायचं नाही, गॅसचं आणि काचेचं काय करता हे प्रत्येकाला वेगळं विचारायचं.

आणखी एक. वर्षभरात हजार किंवा जास्त उपकरणं वापरणाऱ्या संस्थेला नियम 'घाऊक ग्राहक' मानतात आणि तिने नोंदणीकृत माणसालाच माल देणं बंधनकारक आहे. आमची इमारत त्यात बसत नाही. आमच्यावर सक्ती नाही. सभेत हा मुद्दा कुणीतरी काढणार, म्हणून उत्तर आत्ताच लिहून ठेवते: सक्ती नसली तरी गॅस तेवढाच आहे.

एक्स्चेंज ऑफरचीही चौकशी केली. दुकानदार जुना फ्रिज घेऊन जातो तेव्हा तो कंपनीकडे जातो असं आपण धरून चालतो. दोन दुकानांत विचारलं. दोन्हीकडे माल भंगारच्या व्यापाऱ्याला विकला जातो असं उत्तर मिळालं. कंपन्यांचे ई-कचऱ्याचे टोल-फ्री नंबर त्यांच्या वेबसाइटवर असतात. तिथे फोन करून जुना माल थेट त्यांच्या रिसायकलरने नेण्याची मागणी करता येते. ज्यांच्याकडे एकच वस्तू आहे त्यांना हा मार्ग बरा.

२३ नोव्हेंबर, रविवार

संपलेलं आणि न संपलेलं वेगळं केलं. मुलुंड स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याला इमारतीत बोलावलं आणि तो दुपारभर जिन्यात बसून काम करत होता. मिक्सरना कार्बन ब्रश, पंख्यांना कपॅसिटर, एका वॉशिंग मशीनला पट्टा. थोडक्या खर्चात बरंच काही उभं राहिलं. एका एलईडी टीव्हीची फक्त बॅकलाइटची पट्टी गेली होती आणि घरच्यांनी नवा टीव्ही घेऊनही टाकला होता.

वाद झाला तो आजींच्या फ्रिजवरून. १९८९ चा, रोज चालतो, एकदाही बंद पडला नाही. आजींचं म्हणणं, "चालू वस्तू तोडायची नाही, कुणा गरजूला द्या." धुणीभांडी करणाऱ्या ताईंना विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की फ्रिज नको, बिल कोण भरणार, मिक्सर द्या. त्यांचं बरोबर होतं. मुलाने प्लगमध्ये बसणारा छोटा मीटर लावून दिवसभराचं वाचन घेतलं तर दोन युनिटांच्या आसपास आलं. वर्षाला सातशे युनिटांच्या घरात. तेवढ्याच आकाराच्या नव्या, जास्त स्टारच्या फ्रिजच्या लेबलवर दोनशेच्या आतला आकडा असतो. आपल्याकडे स्टार लेबल २००६ साली सुरू झालं, हा फ्रिज त्याच्याही सतरा वर्षं आधीचा. महावितरणचं वाढीव बिल गरीब घरात पाठवायचं आणि त्याला दान म्हणायचं हे मला पटत नाही. शिवाय तो फ्रिज तिथे कधीतरी बंद पडणारच, आणि मग नळ्या पक्कडीनेच कापल्या जातील.

आजी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "गॅस नीट काढणार असाल तर न्या. पण मी असताना काढा, मला बघायचंय." तसं ठरलं.

वॉशिंग मशीन, मिक्सर, पंखे, दुरुस्त टीव्ही आणि एक अलीकडचा आर-६००ए फ्रिज ज्यांना हवा होता त्यांना दिला. काय चालतं, काय चालत नाही आणि वीज किती लागते हे प्रत्येकाला सांगून.

३० नोव्हेंबर, रविवार

पोर्टलच्या यादीतून मुंबई, ठाणे, पालघर, रायगडमधले रिसायकलर काढून फोन केले. प्रश्न तेच ठेवले: नोंदणी क्रमांक काय? प्लांट कुठे, आणि आम्ही येऊन बघू शकतो का? गॅस काढण्याचं मशीन आहे का? पिक्चर ट्यूब घेता का, आणि काच पुढे कुठे जाते? गाडीत माल भरताना आमच्यासमोर वजन कराल का? प्रमाणपत्र वस्तुनिहाय द्याल की नुसतं एकूण वजनाचं?

उत्तरांवरून माणूस कळतो. एकाने पहिल्याच वाक्यात दर सांगितला आणि बाकी प्रश्नांना "सगळं होतं मॅडम" एवढंच उत्तर दिलं. एकाने पिक्चर ट्यूब घेणार नाही, असं स्वच्छ सांगितलं. मला ते आवडलं. एका ठिकाणी फोन उचलणारा फक्त माल गोळा करणारा निघाला, प्लांट दुसऱ्याचाच. शेवटी ज्यांनी प्लांट बघायला या म्हणून स्वतःहून वेळ दिली आणि ट्यूबसाठी वेगळे पैसे लागतील असं आधीच सांगितलं, त्यांच्याशी बोलणी पुढे नेली. तिथे मिळणारी रक्कम भंगारवाल्याच्या एकरकमी आकड्यापेक्षा कमी आहे.

संध्याकाळी सभेत हे मांडल्यावर पहिल्या मजल्यावरचे दादा म्हणाले की पैशाचं सोडा, पण वर्षानुवर्षं दारात येणाऱ्या भंगारवाल्याच्या पोटावर आपण पाय का आणायचा? हा प्रश्न खरा आहे आणि मला त्याचं उत्तर द्यायला बरं वाटलं. ठरलं असं: ज्यात गॅस नाही, पिक्चर ट्यूब नाही, सर्किट बोर्ड नाही, बॅटरी नाही, ते सगळं त्यालाच. गीझरच्या टाक्या, पंख्यांचे सांगाडे, लोखंडी कपाटं, ग्रिल, भांडी, वॉशिंग मशीनचे स्टीलचे ड्रम. त्याचा धंदा त्यात आहे आणि तो त्यात वाकबगार आहे. फ्रिज, एसी, टीव्ही, मायक्रोवेव्ह, कॉम्प्युटर, ट्यूबलाइट रिसायकलरकडे. त्याला हे जाऊन सांगितलं तर तो म्हणाला की फोम नसलेलाच माल त्याला हवा असतो.

७ डिसेंबर, रविवार

एसी उतरवले. एसीच्या मिस्त्रीला घाईत माल उतरवायचा असला की तो नळ्यांचे नट सैल करतो आणि गॅस बाहेर सोडतो. कारण पुन्हा तेच, जुन्या गॅसला भाव नाही. स्प्लिट एसीत गॅस वाचवायला कुठलंही महाग यंत्र लागत नाही. बाहेरच्या युनिटला दोन व्हॉल्व्ह असतात. एसी कूलिंगवर चालू ठेवून आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. कॉम्प्रेसर जाड नळीतून उरलेला गॅस ओढत राहतो आणि तो बाहेरच्या युनिटमध्येच साठतो. गेजवरचा काटा शून्याकडे आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच एसी बंद. सगळं काही मिनिटांचं काम. आमच्या मिस्त्रीला हे येत होतं, फक्त कुणी कधी मागितलं नव्हतं. मागा. उतरवायला येणाऱ्याला आधीच 'पंप डाउन करून काढा' असं सांगा आणि समोर उभे राहा. स्वतः मात्र हात घालू नका. आर-३२ पेटू शकतो आणि वेळेवर बंद न केलेला कॉम्प्रेसर फुटण्याचाही धोका असतो.

विंडो एसीत आणि फ्रिजमध्ये असे व्हॉल्व्ह नसतात, तिथे गॅस ओढून घेणारं रिकव्हरी मशीनच हवं. रिसायकलरचा माणूस ते घेऊन आला. नळीला भोक पाडणारा छोटा व्हॉल्व्ह चिमट्यासारखा घट्ट बसवतात, त्याला पाइप, पाइप मशीनला, मशीन सिलिंडरला. काकांनी सिलिंडरचं वजन आधी आणि नंतर करायला लावलं. प्रत्येक गॅसला वेगळा सिलिंडर, कारण मिसळलेला गॅस पुन्हा शुद्ध करणं फार अवघड.

आजी खुर्ची घेऊन गॅलरीत बसल्या होत्या. त्यांच्या फ्रिजमधून पट्टीवरच्या १५० ग्रॅमपैकी थोडा कमी गॅस निघाला, काही वर्षांत झिरपला असावा. आजींनी काट्यावरचा आकडा स्वतः वाचला.

१४ डिसेंबर, रविवार

पिक्चर ट्यूबचा दिवस. ट्यूबच्या मागच्या नरसाळ्याच्या काचेत शिसं असतं, क्ष-किरण अडवण्यासाठी घातलेलं. मोठ्या ट्यूबमध्ये ते किलोच्या हिशोबात भरतं. पडद्याच्या आतल्या बाजूला चमकणाऱ्या पावडरचा थर, तोही श्वासात जाऊ नये असा. आणि ट्यूब आतून निर्वात, म्हणून ती फुटली की काच आत कोसळते आणि मग तुकडे बाहेर उडतात. ट्यूबच्या निमुळत्या मानेवर तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं आणि रस्त्यावर टाकलेल्या टीव्हीचं नेमकं तेच आधी काढलं जातं. म्हणून आम्ही एकही टीव्ही खाली आवारात ठेवला नाही, सगळे पहिल्या मजल्यावरच्या रिकाम्या ब्लॉकमध्ये कुलपात, पडदा खाली करून जुन्या गाद्यांवर.

मायक्रोवेव्हबद्दल मुलाने सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर लिहिलं: आतल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपासचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. उघडू नका, लोहचुंबकासाठीसुद्धा नाही.

ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा. एकेका दिव्यात काही मिलिग्रॅमच, पण फुटला की तो खोलीच्या हवेत येतो. ट्यूब जुन्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यांत, सीएफएल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत वर्तमानपत्र कोंबून. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या थेट बॅटरीच्या दुकानात. त्यांच्यासाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत आणि शिशाला भाव असल्यामुळे दुकानदार आनंदाने घेतो. एकच अट घातली: ॲसिड ओतून बॅटरी हलकी करायची नाही, भरलेलीच न्यायची.

२१ डिसेंबर, रविवार

हार्ड डिस्क काढून मालकांच्या हातात दिल्या. स्मार्ट टीव्हींवरची खाती बंद केली. मुलाने केलं, मी फक्त यादीवर खूण केली.

२८ डिसेंबर, रविवार

फ्रिज जिन्यावरून उतरवायचे म्हणजे मोठं काम. हमाल बोलावले, चौथ्या मजल्याचे दर वेगळे आणि ते योग्यच आहेत. प्रत्येक फ्रिजचं दार काढून वेगळं बांधलं. टाकलेल्या फ्रिजमध्ये खेळताना लहान मूल आत शिरतं आणि दार लागलं की आतून उघडत नाही, श्वास कोंडून जीव जातो. कुठेही जुना फ्रिज एक रात्रही ठेवणार असाल तर दार आधी काढा.

कुलपाच्या खोलीत सगळे मावेनात, म्हणून दोन फ्रिज जिन्याखाली राहिले. यातल्या एकाचा गॅस अजून काढायचा आहे.

३१ डिसेंबर, बुधवार

जिन्याखालच्या त्याच फ्रिजचा कॉम्प्रेसर रात्रीत कुणीतरी कापून नेला. नळ्यांची टोकं चपटी, खाली तेलाचा डाग. आर-१३४ए, पट्टीवर १२० ग्रॅम. मुलाने वहीत लिहिलं: या गॅसच्या १,४३० या आकड्याने सुमारे १७० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं. नेणाऱ्याला कॉम्प्रेसरचे काहीशे रुपये मिळाले असतील. मला त्याचा राग येण्यापेक्षा या व्यवहाराचाच राग आला, ज्यात काही किलो तांब्या-लोखंडासाठी बाकी सगळं सोडून देणं शहाणपणाचं ठरतं. तेलाच्या डागावर भुसा टाकून, तो गोळा करून रिसायकलरच्या मालात दिला.

४ जानेवारी २०२६, रविवार

गाडी आली. आमच्या यादीप्रमाणे एकेक वस्तू हाक मारून चढवली. टीव्ही उभे न ठेवता पडद्यावर, फ्रिज उभे. वजनकाटा गाडीतच होता. कापलेल्या फ्रिजची नोंद 'कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही' अशी स्पष्ट करून घेतली, कारण प्रमाणपत्रावर तो पूर्ण फ्रिज म्हणून दिसायला नको. पावतीवर दोघांच्या सह्या. पैसे सोसायटीच्या खात्यात. पिक्चर ट्यूबचे वेगळे पैसे त्यातूनच वळते झाले.

भंगारवाला दुपारी त्याचा टेम्पो घेऊन आला आणि लोखंड घेऊन गेला.

१८ जानेवारी, रविवार

काका, मी आणि आजींची सून प्लांट बघून आलो. पिक्चर ट्यूबभोवती गरम तारेचा पट्टा आवळतात. काच त्या रेषेवर तडकते, पुढचा पडदा आणि मागचं शिशाचं नरसाळं सुटं होतं. पावडर बंद पेटीत ओढून घेणाऱ्या पंख्याने काढतात. कॉम्प्रेसर तेल पूर्ण गळेपर्यंत तिरके टांगलेले. बोर्डांची रास वेगळी. वायर जाळण्याऐवजी सोलण्याचं मशीन. तारेवरचं पीव्हीसी उघड्यावर जळलं की डायऑक्सिन तयार होतात, ते इथे टळतं. हे सगळं बघून समाधान वाटलं आणि ते मी तिथल्या कामगारांना सांगितलं.

फोमजवळ थांबलो. फोम गठ्ठे बांधून तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे जातो. गटारात किंवा खाडीत जात नाही, हे नक्कीच बरं. पण फ्रिज बंद चेंबरमध्ये फोडून फोममधला सीएफसी ओढून घेणारं यंत्र तिथे नाही. विचारल्यावर सुपरवायझरने शांतपणे सांगितलं की ते यंत्र खूप महाग आहे आणि त्यातून निघणाऱ्या गॅसचे पैसे कुणी देत नाही. प्रमाणपत्र धातूचं मिळतं.

२५ जानेवारी, रविवार

वस्तुनिहाय प्रमाणपत्र आलं, यादीशी जुळवून फाइलला लावलं. गॅसच्या सिलिंडरांची वजनं वेगळ्या कागदावर आहेत.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला पत्र पाठवलं. मागणी एकच: फ्रिज आणि एसीसाठी रिसायकलरला मिळणाऱ्या प्रमाणपत्रात काढलेल्या गॅसचं आणि फोममधल्या सीएफसीचं वजनही धरावं, त्याला दर असावा आणि तो दर उत्पादकाने द्यावा. सोबत आमची वही, पट्ट्यांचे फोटो आणि आकडे जोडले. आजींनीही सही केली.

बिल्डरच्या आर्किटेक्टला दुसरं पत्र: नव्या इमारतीच्या नकाशात तळमजल्यावर कुलपाची एक खोली ई-कचऱ्यासाठी ठेवा, दार किमान फ्रिज आत जाईल एवढं. त्याचं उत्तर आलंय, नकाशा बदलून पाठवतो म्हणाला. शेजारच्या दोन इमारतीही याच वर्षी पाडायच्या आहेत. तिथल्या कमिटीला यादीचा नमुना, रिसायकलरला विचारायचे प्रश्न आणि पंप डाउन येणाऱ्या मिस्त्रीचा नंबर दिला. त्यांच्या पहिल्या बैठकीला काका जाणार आहेत.